एकच जंपिंग सॅडल, सगळ्या कामांना चालेल का?

पांदणीवरची घोडी (आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. नागपूरला शिकायला होते तेव्हा एनसीसीच्या आर अँड व्ही (घोडे आणि पशुवैद्यक) तुकडीत घोड्यावर बसायला शिकले आणि तिथंच उड्यांची गोडी लागली. गावी परतल्यावर दोन वर्षं बाबांच्या मागं लागले. शेवटी मागच्या वर्षीच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली. मारवाडी वळणाची, ५९ इंच, आयाळ संपते तिथला उंचवटा चांगलाच वर आलेला. आता ती सहा वर्षांची आहे.

सॅडल मात्र एकच, १७ इंची जंपिंग, सेकंडहँड घेतलेली. फ्लॅप (पाय टेकतो ती बाजूची चामड्याची झडप) पुढे कापलेला, बैठक बरीचशी सपाट, गुडघ्यापुढे जाड उशी. यंदा दुसरी घेणं जमणार नाही, सोयाबीनचे पैसे बोअरमध्ये गेले.

रोज सकाळी पांदणीनं वावरात चक्कर, तीनेक किलोमीटर. आठवड्यातून दोनदा पडीक वावरात दुडकी आणि कॅन्टरचे (मंद चौखूर धावेचे) गोल. रविवारी मामाच्या गावी जाऊन-येऊन २२ किलोमीटर. वाटेत धुरे (शेताचे बांध) आणि एक कोरडा नाला लागतो, त्यांवरून उड्या. उड्यांना या सॅडलसारखं सुख नाही. परवा तुरीतून रोही (नीलगाय) उधळला, घोडी एका झटक्यात दोन हात बाजूला सरकली, आणि माझा गुडघा त्या उशीत रुतला म्हणून मी वर राहिले.

अडचण बाकीच्या वेळी येते. साध्या रपेटीला मी रिकीब (पाय ठेवायची कडी) चार भोकं खाली सोडते, कारण उडी नसताना पाय लांब ठेवून बसायचं असंच डोक्यात आहे. पण मग पाय पुढे पळतात, पाठीला पोक येतं, आणि दुडकीत उठायचं म्हटलं की आयाळ धरावी लागते. २२ किलोमीटरनंतर गुडघ्याची बाहेरची बाजू ठणकते.

त्याहून जास्त काळजी घोडीची. गेले दोन रविवार जीन उतरवलं तर सगळी पाठ घामानं ओली, पण उंचवट्याच्या मागं दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग. डावा मोठा. मामा म्हणतात, घाम नाही म्हणजे तिथं काही त्रासच नाही. मला ते पटत नाही. तिला सांगता येत नाही, म्हणून मला झोप लागत नाही.

ही विकून जनरल पर्पज (सगळ्या कामांची) सॅडल बघू, की याच एकीवर सगळं निभावेल?

वऱ्हाडी टाच (दर्यापूर)

ताई, आमच्या आबानं जनमभर एकाच खोगिरावर सारं केलं. बाजार, वरात, जागल, सारं. खाली जाड घोंगडी घाला दुमती, घोडीले गादी होईल न तुमचा गुडघाही उचलंन. विकू नोका. आजकाल चांगलं चामडं भेटते कुठं?

जुना सवार (पुसद)

बाई, मी २२ वर्षं फौजेत घोड्यांत काढली. तुमचे प्रश्न दोन आहेत, गुडघा एक आणि पाठ एक. ते वेगळे सोडवा.

आधी गुडघा. सॅडलमध्ये रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी पट्टीला अडकतो, ती जंपिंग सॅडलमध्ये पुढे बसवलेली असते. रिकीब आखूड असली की गुडघा वाकून फ्लॅपच्या पुढच्या भागात बसतो आणि टाच तुमच्या बुडाखाली येते. तुम्ही चार भोकं सोडली की गुडघा त्या जागेतून निसटतो, पण रिकीब तर पुढेच लोंबते, म्हणून पाय तिच्यामागं पुढे जातो. ड्रेसाजची (उड्यांविना, कवायतीच्या सवारीची) लांब मांड या जिनावर मागू नका, ते देणार नाही. जमिनीवर उभं राहून बोटांची टोकं पट्टीला लावा, रिकीब काखेपर्यंत पोचेल एवढा पट्टा ठेवा. ती तुमची साध्या रपेटीची लांबी. उडीला त्यावरून दोन भोकं वर. बस, एवढीच वरखाली. गोल काढताना पाय लांबवायचाच असेल तर दहा मिनिटं रिकिबी काढून मानेवर आडव्या टाका आणि मोकळ्या पायांनी बसा. त्यातून येणारी मांड भोकं सोडून येत नाही.

आणि उडीचं जीन रपेटीला कसं चालेल, ही शंका काढून टाका. पुढे झुकून बसायची ही पद्धत इटलीच्या घोडदळातल्या फेडेरिको काप्रिल्लीनं (१८६८–१९०७) बसवली. त्याच्या आधी सवार उडीत मागं रेलायचे आणि घोड्याचं तोंड ओढलं जायचं. त्यानं रिकिबी आखूड केल्या, सवाराला पुढं आणलं, घोड्याची मान मोकळी सोडली. हे सगळं फक्त आखाड्यातल्या दांड्यांसाठी नव्हतं. घोडदळाला चढउतार, नाले, बांध सलग पार करायचे होते. तुमची पांदण आणि धुरे यात चपखल बसतात.

खरी मर्यादा अंतराची. आमचं जुनं फौजी जीन दिवसभराच्या चालीसाठी असायचं. त्याच्या बाजूच्या लांब फळ्या वजन पाठीवर दूरवर पसरवायच्या, खाली घडीची कांबळ. जंपिंग सॅडलच्या गाद्या (पाठीवर टेकतात त्या भरलेल्या उशा) त्या मानानं छोट्या, तेच वजन कमी जागेत उतरतं. तासाभराला काही नाही, २२ किलोमीटरला जाणवतं. म्हणून तासाला दहा मिनिटं उतरा, तंग (पोटाखालचा पट्टा) दोन भोकं सैल करा आणि तिच्या बाजूनं पायी चाला. आम्ही हे हुकुमानं करायचो. तुमचा गुडघाही त्यात मोकळा होईल. तंगाची बकलं कुठं येतात तेही बघा. जंपिंगच्या तंगात ती वर, मांडीखाली येतात. लांबच्या वाटेवर तिथंही टोचतं.

आता पाठ. जीन खांद्यावर चढवता का? फ्लॅप पुढे असल्यामुळे नवीन माणूस सबंध सॅडलच पुढे ठेवतो. फ्लॅप खांद्यावर आला तर चालेल, पण आतल्या सांगाड्याची टोकं खांद्याच्या फऱ्यामागंच हवीत. पुढचा पाय टाकताना फरा मागं सरकतो, तो सांगाड्यावर आपटायला नको. सॅडलची मागची बाजू शेवटच्या बरगडीच्या मागं जायला नको. उंचवट्यावर, तुम्ही वर बसलेल्या असताना, दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत.

दर्यापूरच्या भाऊंची घोंगडी मला चालत नाही. जू अरुंद असताना खाली चिंधी कोंबली तर बैलाचा खांदा आणखीच येतो. आधी माप घ्या. वायरमनकडून जाड तांब्याची तार आणा, फऱ्यामागं तीन बोटं सोडून पाठीवरून वाकवा, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि सॅडलच्या पोटात धरून बघा. सांगाडा अरुंद निघाला तर विका. बरोबर निघाला तर विकायचं काही कारण नाही. जनरल पर्पज घेतली आणि तिचाही सांगाडा जमला नाही, तर दुखणं तेच, पैसे गेले ते वेगळे.

पशुवैद्य (अकोला)

मामांना नम्रपणे सांगा, चहूकडे घाम आणि मध्ये कोरडा डाग हे चांगलं लक्षण नाही. एक तर तिथं इतका दाब आहे की घाम येणंच थांबलंय, नाही तर जीन तिथं टेकतच नाही. तंग आवळून गादीखाली तळहात सरकवून बघा. अडकला तर दाब, पोकळी लागली तर दुसरं. मग रिकाम्या पाठीवर त्या जागी बोटांनी हळूहळू दाबत जा. घोडी पाठ खाली घेते, कान मागे करते किंवा शेपटी झटकते का? तसं असेल तर पाठ शांत होईपर्यंत वर बसू नका, दोरावर चालवा. दुर्लक्ष झालं तर त्या जागी पांढरे केस येतात. केसांची मुळं दुखावली की रंग परत येत नाही.

पांदणीवरची घोडी (आर्वी)

काका, डॉक्टरसाहेब, खूप आभार. तार आणली. पुठ्ठा सॅडलच्या पोटात व्यवस्थित बसतोय, सांगाडा तिच्याच मापाचा आहे. पण डाव्या बाजूला तळहात अडकला, आणि तिथं दाबलं की ती पाठ खाली घेते. मला रडूच आलं. इतके दिवस मी तिथं बसत होते. आजपासून जीन बंद. गादीत हाताला गोळे लागतात, उद्या उसवून बघते.

पांदणीवरची घोडी (आर्वी), पाच आठवड्यांनी

उशीर झाला, सगळं सांगते.

गादी उसवली तर आत कापूस! लोकर नाही, साधा गादीचा कापूस. आधीच्या कुणीतरी भरून घेतला असावा. घामानं भिजून, वाळून त्याचे दगडासारखे गोळे झाले होते, डावीकडे सुपारीएवढे तीन. कापसाच्या मुलखात राहून मला हे आधी कळायला हवं होतं, भिजलेली उशी कशी होते ते आपण रोज बघतो.

गावाबाहेर मेंढ्या घेऊन उतरलेल्या धनगर आजोबांकडून लोकर घेतली. रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली, वाळवली, आईनं आणि मी दोन रात्री हातानं पिंजली. भरताना दोन्ही बाजूंची लोकर तोलून घेतली, थोडी थोडी सारत गेले. आर्वीच्या चर्मकार दादांनी शिवण घातली. पैसे घेताना ते म्हणाले, असं काम वडिलांनंतर पहिल्यांदाच हातात आलं.

घोडीला चोवीस दिवस सुट्टी दिली, फक्त दोरावर चालवलं. आता दाबलं तर हलत नाही. पांढरा केस अजून एकही दिसला नाही, रोज बघते.

रिकीब हाताच्या मापाची केली. पहिले दोन दिवस फार आखूड वाटली, तिसऱ्या दिवशी आयाळ न धरता दुडकीत उठले. परवाच्या रविवारी मामाकडे गेले, दोनदा उतरून पायी चालले, बकलं एक भोक खाली घेतली. गुडघा शांत. जीन उतरवलं तर दोन्ही बाजू सारख्या ओल्या, कण्यावरची पट्टी तेवढी कोरडी. ती कोरडीच असायला हवी ना, डॉक्टरसाहेब?

मामांनी स्वतः हात फिरवून बघितलं. म्हणाले, येत्या पोळ्याला बैलांचे खांदे शेकताना हिच्याही पाठीला तूप-हळद लावू.

पशुवैद्य (अकोला)

हो, कणा कोरडाच हवा. दोन्ही गाद्यांमधली मोकळी जागा त्यासाठीच असते. नवी लोकर दोन-तीन महिन्यांत दबते, तेव्हा पुन्हा तळहात सरकवून बघा.

जुना सवार (पुसद)

शाब्बास बाई. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, ते चुलीजवळ वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर टांगा. आणि त्या नाल्याची रुंदी किती आहे ते लिहा, कुठून धाव घ्यायची ते सांगतो.