पगार, चावी, घमेलं, तुरुंग : रेवदंड्याच्या तटाखाली उभं राहून पडलेले प्रश्न

गेल्या महिन्यात आई आणि मी रेवदंडा-कोर्लईला दोन दिवस राहून आलो. रेवदंडा गाव पोर्तुगीजांच्या जुन्या किल्ल्याच्या आतच वसलंय, म्हणजे तटातून आत शिरलं की नारळी-सुपारीच्या वाड्या, वाड्यांत घरं, आणि मधेच कुठल्यातरी चर्चची छप्पर उडालेली भिंत, तिच्यावर वेल चढलेले. आम्ही जिथे उतरलो त्या काकू म्हणाल्या, 'निघताना चावी कोनाड्यात ठेवा हो.' खोलीत आल्यावर आई म्हणाली, 'किल्ली कुठे ठेवायची म्हणाल्या गं?' आई जन्माची पुणेकर, तिच्या तोंडी चावी येतच नाही. तिथून जे डोक्यात सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही म्हणून इथे लिहितेय.

किल्ली आपली, कील-खीळच्या कुळातली. चावी पोर्तुगीज, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मला नवीन कळलेली गोष्ट अशी की आजचे पोर्तुगीज लोक तो शब्द 'शाव्ह' असा काहीतरी म्हणतात, च नाही, श. च हा त्यांचा जुना उच्चार, तो पुढे त्यांच्याकडे बदलला आणि आपल्याकडे तसाच राहिला. म्हणजे सोळाव्या शतकातला खलाशी जसा बोलायचा तसं त्या काकू बोलत होत्या! मला हे वाचून खरंच अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तटाच्या कडेने चालत होतो. एके ठिकाणी डागडुजी चालली होती, एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन येत होत्या आणि मेस्त्री ओरडत होते, माल लवकर आणा म्हणून. मी तिथेच थांबले. घमेलं पोर्तुगीज 'गामेला' वरून, तिकडे ती लाकडाची परातीसारखी काठवट. मेस्त्री 'मेश्त्र' वरून, म्हणजे उस्ताद. पगार पोर्तुगीजच. चावी, बिजागरी, सगळे बांधकाम-सुतारकामातले! आत्तापर्यंत मी समजत होते की पोर्तुगीज शब्द म्हणजे बटाटा, पाव, काजू, अननस, म्हणजे जहाजातून आलेला माल आणि त्याबरोबर आलेलं नाव. पण हे शब्द मालाबरोबर आलेले वाटत नाहीत, हे कामावर शिकलेले वाटतात. हा एवढा तट बांधला कोणी, दगड वाहिले कोणी, आपल्याच माणसांनी ना. दिवसभर ज्याच्या हाताखाली राबायचं त्याचे चार शब्द संध्याकाळी घरी येणारच. हा माझा अंदाज आहे, पुरावा माझ्याकडे नाही, पण त्या भिंतीखाली उभं राहिल्यावर दुसरं काही सुचेना.

लिंगाची गंमतही बघा. बटाटा त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, आपल्याकडे शेवटी आ दिसला म्हणून 'तो बटाटा', आणि लगेच बटाट्याची भाजी, बटाट्यांचा रस्सा. गामेला पण स्त्रीलिंगी, आपण 'ते घमेलं' केलं. चावी तेवढी ई-कारान्त म्हणून बाईची बाईच राहिली.

आता प्रश्न. पगार हा शब्द तिकडे मुळात क्रियापद आहे, 'पैसे देणे'. आपण क्रियापदाचं नाम कसं केलं? आणि तुरुंग हा 'त्रोंकु' वरून आला म्हणतात, त्याचा अर्थ झाडाचं खोड. खोडाचा आणि कैदेचा काय संबंध?

—

ताई, तुरुंगाचं उत्तर तुमच्याच मराठीत आहे. खोड आणि खोडा! जाड लाकडाला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, त्याला आपण खोडा म्हणतो, खोड्यात घालणे. पोर्तुगीजांनीही तेच केलं, खोडाला जो शब्द तोच त्या लाकडाला, आणि मग ते लाकूड जिथे ठेवलेलं असायचं त्या जागेला. दोन भाषांनी आपापल्या अंगणात एकच वाट काढली. फरक एवढाच की आपला खोडा 'कामात खोडा घालणे' मधे उरला आणि त्यांचा त्रोंकु तुरुंग होऊन सरकारी कागदावर चढला.

पण एक विनंती, उत्साहात सगळंच पोर्तुगीज करू नका. मेज फारसी आहे. साबण अरबीतून आला की पोर्तुगीजातून यावर भांडत बसता येईल कारण शब्द दोन्हीकडे आहे. आणि लिलाव पोर्तुगीजांकडून आला हे खरं, पण त्यांनी तो अरबांकडून घेतला होता. पाव पायाने तुडवतात म्हणून पाव, ही तर निव्वळ कुचाळकी आहे, तिच्यामागे बाटवाबाटवीची भीती होती, तो शब्द सरळ 'पांव' म्हणजे त्यांची भाकरी.

—

मी वसईचा. आमच्याकडे १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, जुन्या मराठी कागदांत या भागाला फिरंगाण म्हटलंय. तुम्ही ज्याला हॉटेलात विंदालू म्हणता त्याला ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरांत इंदियाल म्हणतात, मूळ शब्दात वाइन आणि लसूण आहे, आलू कुठेच नाही, तरी लोक त्यात बटाटे टाकतात ते बघून वाईट वाटतं. गोव्यात तर विचारूच नका, खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, पाववाला तो पदेर. माडाची सूर काढणारा रेंदेर, हा शब्द मला सगळ्यात आवडतो कारण तो कामाचा नाहीच, खंडाचा, म्हणजे भाड्याचा आहे, माडाचा खंड भरणारा तो रेंदेर.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. खोडा डोळ्यासमोर असून दिसला नाही मला!

कोर्लईचं राहिलं. कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई, वर डोंगराच्या सोंडेवर लांबलचक निमुळता किल्ला, खाली दीपगृह आणि गाव. १७४० साली हा भाग मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण गावातली कष्टकरी ख्रिस्ती माणसं राहिली आणि त्यांची भाषाही राहिली. हजारभर लोक असतील बोलणारे. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा, बस्स. एका ओट्यावर दोन आज्या बोलत होत्या, मला एक शब्द कळत नव्हता पण वाक्याचा ठेका ओळखीचा वाटत होता, कान देऊन ऐकावंसं वाटत होतं. घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्या भाषेत शब्द पोर्तुगीज असले तरी क्रियापद बहुतेक वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखं, पोर्तुगीजसारखं मधे नाही. आणि मराठी क्रियापदं उचलली की त्यांना शेवटी ऊ लावून वेगळ्या गटात बसवतात. म्हणजे आपण त्यांच्या क्रियापदाचा पगार केला आणि त्यांनी आपली क्रियापदं ऊ लावून घरात घेतली. भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांचं १९९६ चं पुस्तक आहे यावर, इंग्रजीत आहे, पण कोणी मराठीत आणायला हवं, कारण त्यातली अर्धी गोष्ट आपल्याच भाषेची आहे.

—

ताई, माझे वडील गवंडी होते, म्हणून राहवलं नाही. ओळंबा, थापी, कुदळ, फावडं हे शब्द आपले जुनेच. तुम्ही म्हणता तसं घमेलं आणि मेस्त्री बाहेरचे असतील, पण वडिलांच्या तोंडी घमेलं ही नुसती वस्तू नव्हती, माप होतं. विटकामाचा माल एकास सहा म्हणजे एक घमेलं सिमेंट, सहा घमेली वाळू, आणि घमेलं शिगोशीग नाही, काठाला हात फिरवून सपाट. ते गेले तरी त्यांचं घमेलं आहे घरी, आई त्यात तुळशीची माती कालवते.