फिलिपिनोंची कराकोआ: युद्धनौका की होडगं?

खारा_वारा: "फिलिपिनोंकडे होडगी होती, युद्धनौका स्पॅनिशांनी शिकवल्या" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. मध्य फिलिपिन्सच्या विसाया बेटांची कराकोआ कधी पाहिलीत? दोन्ही बाजूंना उलांड्या (कलंडू नये म्हणून बाहेर बांधलेले आधार), उलांड्यांवरही वल्हेकरी, मधोमध उंच मचाणावर लढवय्ये. दोन्ही टोकं सारखी, म्हणून जहाज न वळवता उलट पळता येई. १६६८ मध्ये अल्सिना या स्पॅनिश पाद्र्यानं त्यांच्या बोटींबद्दल पानंच्या पानं लिहिलीत. तो काय फिलिपिनोंचा भाट होता?

तर्कट: पोस्ट माझीच. मचाण बांधलं की युद्धनौका? मग आमचा विसर्जनाचा ट्रकही रणगाडाच! छापे घालून माणसं पळवणं म्हणजे आरमार नव्हे. आणि कराकोआचा तो नेटवरचा १५ नॉट (ताशी सुमारे २८ कि.मी.) वेग मोजला कुणी?

खारा_वारा: वेग सोडला. पण नुसते छापेच होते, तर १८४८ मध्ये दक्षिणेच्या सुलू बेटांतल्या बालांगिंगीच्या छापेमारांवर जायला स्पेनला इंग्लंडहून वाफेच्या बोटी का आणाव्या लागल्या? उथळ पाण्यात शिडाच्या जहाजांना ते गावत नव्हते म्हणूनच ना?

तर्कट: ते सुलूकडचे. कराकोआ विसायाची. सोयीप्रमाणे बेटं बदलू नका.

मालवणी_खवळो: फिलिपिन्सच्याच बुतुआनला जमिनीतून उकरलेल्या जुन्या बोटी बघा रे. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, आतून कोरून ठेवलेल्या उंचवट्यांना भोकं, त्यांतून दोरी ओवून फासळ्या आवळलेल्या. आमच्या आजोबांच्या होडीलाही उलांडी होती, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. आता सगळं फायबर, शिवणारा शोधून मिळत नाही.

सोलापूरकर: फायबर परवडतं हो. लाकडी होडी दर पावसाळ्याआधी वर ओढा, काजूच्या टरफलांचं तेल चोपडा, कोण करतंय?

मालवणी_खवळो: सोलापुरात बसान माका होडी शिकवतंस?

सोलापूरकर: मेव्हण्याचा ट्रॉलर आहे देवगडला. तोंड सांभाळून.

तर्कट: अहो, धागा फिलिपिन्सचा आहे! आणि बुतुआनचं निघालंच आहे तर ऐका. १९७६ पासून उकरलेल्या त्या बोटींतली एक इ.स. ३२० ची म्हणून मिरवली. नव्या तपासणीत सातवं ते दहावं शतक निघालं. साडेतीनशे वर्षं फुकटात वाढवलीत.

खारा_वारा: घ्या तुमची साडेतीनशे वर्षं परत. दहावं शतक धरलं तरी मॅगेलन स्पेनची जहाजं घेऊन यायला पाचशे वर्षं होती. तोवर शिकवत कोण होतं, तुमचे काका?

तर्कट: बरं बाबा, 'स्पॅनिशांनी शिकवलं' एवढं मागे घेतो. होडगी मात्र होडगीच.

मालवणी_खवळो: मेव्हण्याचो ट्रॉलर फायबरचो की लाकडाचो, ता सांगूक नाय अजून.