‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला अंधार कुणाचा?

जोसेफ कॉनरॅडची ही कादंबरी वसाहतवादाबद्दल नाहीच, माणसाच्या मनातल्या अंधाराबद्दल आहे, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. कॉनरॅड १८९० मध्ये स्वतः आफ्रिकेतल्या काँगोत गेला होता. कादंबरीतले, रेल्वेच्या कामावर राबवून झाडांखाली मरायला सोडलेले ते आफ्रिकन मजूर आठवा, त्यातल्या एकाच्या गळ्यातला पांढरा दोरा आठवा. या माणसांच्या तोंडी जवळपास एक शब्द नाही! नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने १९७५ च्या व्याख्यानात हेच सुनावलं: एका युरोपियनाचं मन ढासळताना दाखवायला अख्खी आफ्रिका नुसता पडदा झाली. ‘मानवी स्वभाव’ म्हटलं की दोष सगळ्यांच्या माथी जातो आणि हस्तिदंत लुटणारे सुटतात. कादंबरीतला हस्तिदंताचा गोरा व्यापारी कर्ट्झ, त्याच्या उदात्त अहवालाखालचं ‘सगळ्या रानट्यांना संपवा’ हे वाक्य मात्र कॉनरॅडनेच लिहिलंय. म्हणून पुस्तक वाचाच, पण अचेबेसोबत.