डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळताना : तुमचे अनुभव लिहा

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार आहे, चार वर्षं झाली. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं एवढंच, मग एकदा अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडल्या आणि महाद्वार रोडवरच उभ्या राहिल्या, आयुष्यभर पायाखालचा रस्ता पण घर कुठल्या अंगाला तेच सुचेना. ओळखीच्या फुलवाल्यानं फोन केला म्हणून बरं. आता आंघोळीला न्यायचं म्हणजे रोज रडारड, बाथरूमच्या दारात चौकट धरतात ती सोडतच नाहीत. परवा मी ओरडले त्यांच्यावर आणि मग स्वतःच आत बसून रडले. औषधाचं डॉक्टर सांगतात हो, पण उरलेला दिवस कसा काढायचा ते तुम्ही लिहा.
– सून, मंगळवार पेठ

वैनी, आमचे अण्णा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर ३५ वर्षं दिवाणजी होते. दुपारपर्यंत माणूस शांत असतोय, ऊन उतरलं की सुरू, "गाड्या भरायच्या हायत, चप्पल कुठं हाय माझी." डॉक्टर म्हणाले याला सनडाऊनिंग म्हणतात, दिवस कलला की यांचा गोंधळ वाढतो. मी आधी वाद घालायचो, अण्णा रिटायर झालाय तुम्ही, की ते हात उगारायचे. आता पाचलाच घरातले सगळे लाईट लावतो, चहा देतो आणि सांगतो आज अमावस्या, यार्ड बंद. मग गुळाचा रवा, म्हणजे ढेप, म्हणून मांडीवर उशी देतो. ते तिच्यावर टिचकी मारतात, वास घेतात, म्हणतात "रवा बरा हाय, पर जरा नरम पडलाय." मी विचारतो दर किती लावू, ते जुन्या काळातला दर सांगतात, मी वहीत लिहून घेतो. पहिल्यांदा बापाशी खोटं बोलतोय म्हणून लई वाईट वाटायचं, आता न्हाई वाटत, तेवढा अर्धा तास अण्णा माझे अण्णा असतात.
– मुलगा, शाहूपुरी

आईच्या वेळी पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं की व्हायचंच" म्हणून परत पाठवलं, त्यात आमचं दीड वर्ष गेलं, त्याचा राग अजून आहे मला. दुसऱ्यांनी बी-१२, थायरॉईड, एमआरआय सगळं करून घेतलं. बी-१२ किंवा थायरॉईडमुळं विसरायला होत असेल तर उपचारानं फरक पडू शकतो, म्हणून तपासण्या टाळू नका. आणि एक महत्त्वाचं, गेल्या गणपतीत आई एका रात्रीत पार बदलली, कोपऱ्यात माणसं दिसायला लागली, आम्हाला वाटलं आजार वाढला, निघालं लघवीचं इन्फेक्शन. आठ-दहा दिवसांत आई होती तशी झाली. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा नेहमी आढळणारा प्रकार, हळूहळू वाढतो, असं एकाएकी झालं तर थांबू नका, लगेच दाखवा.
– मुलगी, राजारामपुरी

आमच्या ह्यांना पाकीट चोरीला गेलंय असं रोज वाटतं आणि चोर मीच. तसलंच दुसरं पाकीट आणून ठेवलंय, दोघं मिळून शोधतो आणि "सापडलं बघा" म्हणायचं. पण कधी माझ्याकडंच बघून विचारतात, "बाई, आमची मंडळी कुठं गेली?" मी सांगते, गंगावेशीत दूध आणायला गेल्यात, येतील एवढ्यात. आणि शेजारी बसून राहते.
– ७१ वर्षं, शिवाजी पेठ

मी घरी जाऊन पेशंटची सेवा करतो, १२ वर्षं झाली. वैनी, रोज आंघोळ झालीच पाहिजे असं काही नाही, एक दिवसाआड ओल्या टॉवेलनं अंग पुसलं तरी चालतंय. खुर्चीवर बसवा, पहिलं पाणी त्यांच्या हातावर, तांब्या त्यांच्याच हातात, डोक्यावरनं एकदम ओतू नका. आणि दारात काळं पायपुसणं असलं तर उचला, काही पेशंटना गडद रंग जमिनीतल्या खड्ड्यासारखा दिसतो, मग ते पाय टाकत नाहीत. तुमच्यासाठी पण सांगतो, आठवड्यात एक दुपार नणंदेला नाहीतर जावेला बसवा आणि रंकाळ्यावर जाऊन या. कुणीच नसलं तर ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ हेल्पलाईन आहे, विचारून बघा.
– केअरटेकर, कसबा बावडा

दादा, आमच्या बाथरूमच्या दारात काळंच पायपुसणं आहे. गेल्या दिवाळीत मीच आणलेलं. आत्ता उठून काढलं. सकाळी बघते.
– सून, मंगळवार पेठ