पुन्हा पाहिलं आणि मत बदललं: तुमचे सिनेमे, तुमच्या मालिका

शेवंती

परवा रात्री पाच किलो मटार सोलायला बसले होते. लेकीने समोर मोबाइल उभा करून 'उंबरठा' लावून दिला. १९८२चा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सातवी-आठवीत असेन. दूरदर्शनवर शनिवारी मराठी सिनेमा लागायचा, आणि आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी. पुढे सतरंजीवर आम्ही पोरं, मागे बायका, दारात पुरुषमंडळी.

तेव्हा स्मिता पाटीलचा भयंकर राग आला होता. एवढीशी पोर जावेच्या ओटीत टाकून ही बाई नोकरीला परगावी निघाली! महिलाश्रमातल्या त्या बायकांशी हिला काय करायचंय, असं वाटलं होतं. आजी तर मोठ्यानेच म्हणाली, "आई आहे का कोण ही!" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. माझी आई मात्र मध्येच उठून गेली, "दूध गॅसवर आहे" म्हणाली आणि परत आलीच नाही.

आता मी पन्नाशीला आलेय. या वेळी सुलभा महाजनचा राग आला नाही. ती घरी परत येते, लेक काकूलाच चिकटलेली असते आणि घरात हिच्यासाठी जागाच उरलेली नसते, तिथे माझे हात थांबले. नवऱ्याच्या कामातला गिरीश कर्नाड वाईट वागत नाही, आरडाओरडा करत नाही, आणि तेच जास्त लागतं. शेवटी ती गाडीत एकटी बसलेली दिसते ना, ते पाहून मी आईला फोन केला. रात्रीचे साडेदहा. ती घाबरलीच, कोणाला काय झालं म्हणून.

मी म्हटलं, "आई, उंबरठा बघताना तू उठून गेली होतीस, आठवतंय?" जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दूध नव्हतं गं गॅसवर." मी दोन वर्षांची असताना तिला दुसऱ्या तालुक्यात मास्तरणीची नोकरी लागली होती. रुजू व्हायचं पत्रही आलं होतं. हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. तुमचं कुठल्या सिनेमाबद्दल, मालिकेबद्दल असं झालंय का? पूर्वी एक वाटलं आणि नंतर वेगळंच? लिहा. मोठं, छोटं, कसंही चालेल.

रानमेवा

बापरे, अंगावर काटा आला. आईंना नमस्कार सांग.
(आणि मटार काय भावाने मिळाले गं? आमच्याकडे अजून खाली यायचं नाव नाही.)

चिंचगुळ

'उंबरठा'तलं 'सुन्या सुन्या मैफिलीत' आमचे बाबा दाढी करताना म्हणायचे. ते प्रेमाचं गाणं आहे असंच मला कॉलेजपर्यंत वाटायचं. सिनेमा पाहिल्यावर कळलं ते कुठे येतं आणि का येतं. सुरेश भटांचे शब्द तेच, पण आता ऐकताना घशात अडकतं.

देवगडचा हापूस

झपाटलेला!!! १९९३, मी पाच वर्षांचा. तात्या विंचू माळ्यावर असतो अशी माझी पक्की खात्री होती. आमच्या घरात माळ्यावर भाताची पिंपं आणि जुनी ट्रंक. रात्री लघवीला जायचं तर आजोबांना उठवायचो. ते बिचारे बॅटरी घेऊन आधी माळ्यावर प्रकाश मारायचे, "नाय हा रे कोण", आणि मग मला पडवीत न्यायचे. दोन वर्षं चालू होतं हे. एकदाही चिडले नाहीत.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाला दाखवला. तो लक्ष्याला बघून गडाबडा लोळत होता आणि बाहुला आला की टाळ्या! त्याला मी सांगितलं की रामदास पाध्ये नावाचे शब्दभ्रमकार आहेत, त्यांनी तो बाहुला हलवलाय. तो म्हणाला, माहितीये बाबा, तोंडाची फट दिसते. मला तीस वर्षांत ती फट दिसली नव्हती. माझं लक्ष सगळं त्याच्या डोळ्यांकडे.

मत बदललं ते आजोबांबद्दल. सिनेमा विनोदी आहे हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, तरी बॅटरी घेऊन उठायचे.

रानमेवा

देवगडचा हापूस, आजोबा किती गोड!

कृष्णाकाठ

मी वाईचा. स्वदेसचं शूटिंग मेणवलीला झालं तेव्हा आम्ही कॉलेज बुडवून सायकली हाणत जायचो. मेणवलीचा घाट आम्हाला कसला नवीन? नाना फडणवीसांचा वाडा, वसईहून आणलेली ती मोठी घंटा, खाली नदी. तिथेच लहानपणी पोहायला शिकलो. पण सिनेमात ते उत्तरेतलं चरणपूर झालं होतं! २००४ साली लागला तेव्हा अख्खा ग्रुप गेला. सगळा वेळ आम्ही फक्त "हा बघ आपला घाट, हा बघ आपला वड" करत होतो. गोष्टीकडे लक्षच नाही. बाहेर पडताना सगळ्यांचं एकमत: लांबवलाय.

२०११ला नोकरीसाठी जर्मनीला आलो. पहिला हिवाळा. दुपारी चारला अंधार. भाड्याच्या खोलीत एकट्याने परत लावला, म्हटलं निदान घाट तरी दिसेल. स्टेशनवर तो पोरगा पंचवीस पैशाला पाणी विकत असतो आणि इतका वेळ बाटलीतलं पाणी पिणारा शाहरुख ते पाणी घेतो. शाहरुख त्यात काही बोलत नाही. समोरचा भात तसाच गार झाला, जेवलोच नाही.

लोक विचारतात, मग परत का नाही गेलास. नाही गेलो. इथेच लग्न झालं, मुलं इथलीच. दर दिवाळीला बघतो आणि दर वेळी मेणवलीचा घाट आला की मुलांना सांगतो, तिसऱ्या पायरीवर शेवाळ आहे, तिथे माझा पाय घसरला होता. धाकटीला आता पाठ झालंय, मी बोलायच्या आधी तीच बोलते.

पैठणी

कृष्णाकाठ, मी पण वाईची!! कुठल्या आळीत? गणपती आळी?

कृष्णाकाठ

मधली आळी. :)

पैठणी

अरे देवा, म्हणजे आमच्या आत्याच्या शेजारचेच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

माई

मोबाइलवर टाइप करते आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. तुम्ही सगळे चांगल्या चांगल्या सिनेमांबद्दल लिहिता आहात. मी मालिकेबद्दल लिहिते. 'चार दिवस सासूचे'. २००१ ते २०१३. तीन हजारांवर भाग झाले. मी बहुतेक सगळे पाहिले.

२००३ साली आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलं नोकरीला दूर. सकाळपासून अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, औषधं. घरात बोलणारं दुसरं माणूस नाही. संध्याकाळी ती मालिका लागली की मी ह्यांची खाट जरा उंच करून द्यायची, मागे दोन उशा. मग आम्ही दोघं देशमुखांच्या घरात जायचो. रोहिणी हट्टंगडी बोलायला लागली की ह्यांचा डावा हात चादरीवर हलायचा. तसा हलला की मला कळायचं, पटलेलं नाही. मग मी ह्यांच्या वतीने तिच्याशी भांडायची.

मुलं सुट्टीला आली की म्हणायची, आई काय हे रटाळ बघतेस, एकच प्रसंग तीन तीन वेळा दाखवतात. मला त्याचंच बरं वाटायचं. मध्येच उठून ह्यांचं काही करावं लागलं तरी गोष्ट पुढे निघून जायची नाही. थांबायची माझ्यासाठी.

हे २००९ला गेले. तेराव्यानंतर मी टीव्ही लावला तर त्या घरात अजून तेच सगळे होते. माझं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे.

शेवंती

माई... काय लिहू. तुम्हाला मनापासून नमस्कार.

खमंग

माई, मी माझ्या सासूबाईंना याच मालिकेवरून हसायचे. आज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसणार आहे, जे काही लागलं असेल ते.

वऱ्हाडी ठेचा

सैराट. २९ एप्रिल २०१६, पहिलाच दिवस, अमरावती. बाहेर ऊन असं की चप्पल चिकटावी डांबराले. आत 'झिंगाट' लागलं आन् अख्खं थिएटर उभं. पोरं पडद्यासमोर जाऊन नाचून राह्यली होती, आम्हीबी. गळा बसला शिट्ट्या मारून मारून.

आन् मंग ते शेवटलं. आवाजच बंद. ते लेकरू बाहेर येते आन् फरशीवर त्याचे पाय उमटत जातात. दिवे लागले तरी कोणी उठून नाही राह्यलं. मघा पडद्यासमोर नाचणारी तीच पोरं मान खाली घालून निघाली. गाडीला किक मारेपर्यंत आम्ही चौघं एकमेकांशी बोललो नाही.

आमच्यातल्या एकानं त्याच्या पुढल्याच वर्षी जातीबाहेर लग्न केलं. घरच्यायले न सांगता. सह्या करायले आम्हीच गेलो होतो. आता पुण्यात असतात, एक पोरगी आहे, मस्त चाललं त्यांचं. पण त्यांच्या घरी गेलो न मी, अन् पोरगी फरशीवरून दुडुदुडु चालत आली, तर मले ते आठवते. दर वेळी. म्हणून सिनेमा टीव्हीवर लागला की मी चॅनेल बदलतो. नागराजनं चुकीचं काही दाखवलं असं नाही. लय खरं दाखवलं.

दर्यावर्दी

थोडं हलकं लिहितो. आम्ही म्हापशाकडले. 'दिल चाहता है' यायच्या आधी चापोऱ्याच्या किल्ल्यावर संध्याकाळी आम्ही, काही बकऱ्या आणि वारा. २००१ नंतर तिथल्या भिंतीवर बसून फोटो काढायला रांग! तेव्हा सिनेमावर राग होता. आता वाटतं चुकलं, मैत्रीवर इतका मोकळा सिनेमा तोपर्यंत मी पाहिला नव्हता. किल्ल्यावर मात्र पावसात सकाळी सहाला जा, अजून कोणी नसतं.

खमंग

पावसात तिथे चढताना निसरडं नाही का होत? आम्ही ऑगस्टमध्ये जायचं म्हणतोय, बरोबर सासूबाई आहेत.

दर्यावर्दी

मातीची वाट आहे, चिखल होतो. त्यांना खालीच चहा पाजा, समुद्र तिथूनही दिसतो.

निर्माल्य

'अस्तु'. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर. पहिल्यांदा पाहिला तेव्हा संथ वाटला होता. मोहन आगाशे संस्कृतचे विद्वान, स्मृती जात चाललेली, हत्तीच्या मागे मागे निघून जातात आणि माहुताच्या बायकोला आई समजतात. अमृता सुभाषला त्या कामाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तेव्हा मनात आलं होतं, असं खरंच कुठे होतं का.

बाबांचं निदान होऊन आता चार वर्षं झाली. ते हातरुमालाची घडी घालतात, उलगडतात, परत घालतात. कडेला कड जुळल्याशिवाय सोडत नाहीत. मागच्या महिन्यात मला "ताई" म्हणाले. त्यांची ताई मी जन्मायच्या आधीच गेली. मी "काय रे" म्हणाले. सिनेमात माहुताची बायको तसंच करते ना, दुरुस्त करत बसत नाही, जवळ घेते. मला ते तिच्यामुळे सुचलं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

चिंचगुळ

निर्माल्य, तू काळजी घे. कधीही फोन कर, नंबर आहे तुझ्याकडे.

साबुदाणा वडा

ऑफिसच्या लिफ्टमधून लिहितेय. 'द लंचबॉक्स' (२०१३). वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी कधी दिसतच नाहीत, फक्त आवाज आणि दोरीला बांधून खाली येणारी टोपली. आई पहिल्याच वाक्याला म्हणाली, "अगं ही तर राधिका वागळे!" भारती आचरेकर. 'वागळे की दुनिया' १९८८चं, आईच्या कानात आवाज तसाच्या तसा. मला सिनेमाचा शेवट अर्धवट वाटला होता, सांगून टाकायचं ना भेटले की नाही. आता माझी बदली झाली, डबा एकटीने खाते. आता तो शेवट आहे तसाच बरा वाटतो.

देवगडचा हापूस

वागळे!! आणि टिपरे कोणी कसे काढले नाहीत? प्रभावळकर आबा झाले तेव्हा साठीचेही नव्हते. मी त्यांना खरोखरचे ऐंशीचे आजोबा समजायचो. तेव्हा शिऱ्या आवडायचा. आता बघताना मी शेखर टिपरेच्या बाजूने असतो, सगळ्यांचं ऐकून घेणारा तोच एक.

पैठणी

+१. आमच्याकडे २०२०च्या टाळेबंदीत रामायण परत लागलं तेव्हा सासरे नऊच्या आत आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. १९८७ला त्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं म्हणे. बाण हवेत भिडायला किती वेळ लागतो ते आता कळतं, पण मुलगा मांडी घालून शेजारी बसायचा, म्हणून मी एक अक्षर बोलले नाही.

रानमेवा

शेवंती, मटार ब्लांच करून भरतेस की तसेच? माझे पिवळे पडतात.

शेवंती

उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, चिमूटभर साखर, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. पंचावर पूर्ण कोरडे करून पिशव्या भर.
आईला रविवारी आणतेय इकडे. येताना ते पत्र घेऊन ये म्हटलं, तर म्हणाली, "कधीच बंबात घातलं."

माई

शेवंती, तुमचं वाचून नातवाकडून उंबरठा लावून घेतला. मी तो पाहिलाच नव्हता, तेव्हा घरात टीव्ही नव्हता. मध्यापर्यंत आले आहे. आता डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली, उरलेला उद्या पाहीन. आईंना माझा नमस्कार सांगा.