व्हॅक्यूम गेज लावलं, काटा १४ च्या वर जातच नाही (एमजीबी १९६७) – सल्ला द्या

गॅरेजवाला_बर्मिंगहॅम:
नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी इकडे १९६७ ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर. आयडल (उभ्या गाडीत इंजिनाची चाल) ११०० आरपीएमच्या खाली आणलं की गाडी बंद पडते, सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास नाकात. आता इंजिन मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारी नळी) किती जोरात ओढतं ते मोजायचं गेज आणलंय, ब्रेक सर्वोच्या (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या) नळीत टी टाकून जोडलं. काटा १३-१४ वर शांत बसलाय, थरथर नाही काही नाही. दोन्ही कार्बोरेटर खोलून बसवू का? की ठिणगीचं टायमिंग बघू? गेज घ्यायचं होतं तर कुठलं घ्यायचं हेही सांगा, माझं स्वस्तातलं आहे.

चोक_ओढा:
थांब रे बाबा, आधी पाना खाली ठेव. गेज स्वस्तातलं चालतं, आकड्यापेक्षा काटा कसा हलतो ते महत्त्वाचं. धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. तुझा काटा खाली आहे पण स्थिर आहे, म्हणजे एकतर टायमिंग मागे आहे (ठिणगी उशिरा पडते) नाहीतर कुठूनतरी हवा आत ओढतंय. एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर काट्याने ठराविक अंतराने झटका दिला असता, व्हॉल्व्हचे गाइड झिजले असते तर आयडलला काटा भराभर थरथरला असता आणि रेस दिल्यावर शांत झाला असता. तसलं काही दिसत नाहीये म्हणजे नशीबवान आहेस. पण आधी टॅपेटची फट बघून घे, थंड इंजिनला १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग).

पद्मिनीप्रेमी_पुणे:
जाता जाता, हे आकडे समुद्रसपाटीचे हां. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा. पुण्यात माझ्या पद्मिनीला १८ आले तरी मी पेढे वाटतो 😄 बर्मिंगहॅमला फार तर अर्धा इंच, त्यामुळे तुम्हाला ती सबब नाही.

रविवारचा_मेकॅनिक:
सोपंय की, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा) सैल करा, फिरवत राहा, काटा सगळ्यात वर गेला की आवळा. झालं टायमिंग.

चोक_ओढा:
असं नका सांगू हो, नवीन माणूस आहे तो. आयडलला इंजिनावर लोड नसतो, त्याला जास्त अॅडव्हान्स (ठिणगी लवकर) गोड लागतो, काटा वर वर जातच राहतो आणि मग चढावर इंजिन खडखडायला लागतं, पिस्टनची वाट लागते. सगळ्यात वरचा आकडा मिळाला की तिथून इंचभर खाली येईपर्यंत मागे घ्यायचं, आणि तरी शेवटी टायमिंग लाइटने बघायचंच. तुझ्या इंजिनाला ६०० आरपीएमला १४ डिग्री, अॅडव्हान्सची नळी काढून, बूच मारून. पण हे सगळं नंतर. आधी हवा कुठून जाते ते शोध: मॅनिफोल्ड गॅस्केट, सर्वोची नळी, थ्रॉटल स्पिंडल (कार्बोरेटरच्या झडपेचा दांडा), आणि मॅनिफोल्डवर मशरूमसारखा गोल स्मिथ्स व्हॉल्व्ह असेल बघ, क्रँककेसची हवा ओढणारा. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. मॅनिफोल्डकडची वाट अंगठ्याने बंद करून काटा बघ.

गॅरेजवाला_बर्मिंगहॅम:
काका, साष्टांग 🙏 अंगठा ठेवला आणि काटा १४ वरून थेट १८ च्या वर, माझा अंगठा असा काही ओढला की दोन मिनिटं लाल होता. व्हॉल्व्ह उघडला तर पडदा कडेने अर्धा फाटलेला, बिस्किटासारखा कडक. म्हणजे आधीच्या मालकाने ही फुकटची हवा भरून काढायला दोन्ही कार्बोरेटरचे जेट नट खाली सोडून मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) करून ठेवलेलं दिसतंय, म्हणून तो वास. नवीन पडदा मागवलाय. आता नट किती वर घेऊ?

चोक_ओढा:
पडदा बसव, गाडी चांगली गरम होऊ दे, मग. आधी दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का ते बघ, रबरी नळीचं एक टोक कानाला, एक तोंडाशी, दोन्हीकडे फुसफूस सारखी यायला हवी. मग नट एकावेळी एकच फ्लॅट (नटाची एक बाजू) वर, दोन्हीकडे सारखा. कार्बोरेटरच्या पिस्टनखालची पिन अगदी थोडी, मिलिमीटरभरही नाही, उचल. आरपीएम वाढून तसेच राहिले तर मिक्श्चर अजून रिचच आहे, इंजिन मरायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी) झालंय, क्षणभर वाढून परत जागेवर आले की सोड तिथेच. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या वरची तेलाची कुपी) तेल आहे ना? २० ग्रेडचं.

गॅरेजवाला_बर्मिंगहॅम:
डॅशपॉटमध्ये तेल घालायचं असतं?? 🙈