बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातली जुनी विमानं: नोंद ठेवण्यासाठी फोटो कसे घ्यावेत?

समुद्रवारा:
नमस्कार. डिसेंबरात दोन दिवस गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जायचं आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सुपर कॉन्स्टेलेशन ही उघड्यावरची विमानं एकेक करून नोंदवायची आहेत. नुसते देखणे फोटो नकोत. उद्या कुणी डागडुजी काढली किंवा एखाद्या विमानाचा इतिहास शोधायला घेतला, तर कामी येईल असा संच हवा. फुल-फ्रेम कॅमेरा, २४-७० लेन्स, ट्रायपॉड आणि टॉर्च आहे. किती अंतरावरून घ्यावेत? आणि अंगावर रंगवलेला ‘आयएन’ (इंडियन नेव्ही) क्रमांक हीच ओळख धरावी का?

रिव्हेटरेषा:
शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण सगळी नोंद त्यावर उभी राहते. रंगवलेला क्रमांक म्हणजे शेवटच्या रंगाऱ्याने काय लिहिलं, एवढंच. उघड्यावरच्या विमानाला अधूनमधून रंग द्यावाच लागतो. त्यात आकडा चुकू शकतो, अक्षरांची उंची बदलते आणि पत्र्यावरच्या बारीक सूचना तर पुसूनच जातात. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवा: ‘रंगवलेला क्रमांक’ आणि ‘पाटीवरचा क्रमांक’. कारखान्याची पाटी दिसली नाही तर दुसरा रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. सुट्या झाकणांच्या आतल्या बाजूला खडूने किंवा रंगाने लिहिलेले आकडे सापडतात. तेही टिपा, पण त्यावरून विमान ठरवू नका. सेवेत असताना झाकणं एका विमानाची दुसऱ्याला सर्रास लागत.

रंगापेक्षा आकार खरं बोलतो. सी हॉकचंच बघा. आपल्या नौदलाने ब्रिटनकडून आलेली विमानं वापरली आणि पश्चिम जर्मन नौदलाची जुनीही घेतली. जर्मनीसाठी बांधलेल्या मार्क १०० आणि १०१ या प्रकारांचं शेपटीचं उभं पान ब्रिटिश एफजीए ६ या प्रकारापेक्षा उंच आहे. कितीही थर चढवले तरी ही उंची लपत नाही. त्यामुळे शेपटीचा बरोबर काटकोनातून, शेजारी खुणा केलेली काठी उभी धरून एक फोटो घ्याच.

अंतराचं गणित सोपं आहे. सी हॉक साधारण १२ मीटर लांब. ५० मिमीवर फुल-फ्रेममध्ये ते १७ मीटरवरून जेमतेम मावतं, म्हणून २० मीटर धरा. मागे जागा नसेल तर २४ मिमीवर जाऊ नका, नाक फुगतं आणि शेपटी बारीक होते. त्याऐवजी ५० वरच तुकड्यातुकड्यांनी घ्या.

तिरकाउजेड:
वरच्यात थोडी भर. तुकडे घेताना एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवायचा नाही, आपण विमानाला समांतर सरकायचं. फिरवलात तर जोडताना अंग कमानीसारखं वाकतं. दोन फोटोंत निदान ६० टक्के भाग सामाईक हवा. सुपर कॉन्स्टेलेशनला (आयएन ३१५) हे लागणारच, ते सुमारे ३५ मीटर लांब आहे. हे विमान आधी एअर इंडियाचं ‘राणी ऑफ एलोरा’ होतं, मग हवाई दलात गेलं आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीचं काम नौदलाकडे आलं तेव्हा नौदलाचं झालं. तीन मालक म्हणजे रंगाचे तीन संसार.

ते जुने थर वाचायची युक्ती आहे. जुन्या अक्षरांच्या कडा नव्या रंगाखाली केसाएवढ्या उंचावलेल्या राहतात. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८, शटर उजेडाप्रमाणे. वर काळी छत्री धरून सावली करा आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकेल इतका आडवा ठेवा. एकाच चौकटीचे आठ फोटो घ्या, दर फोटोला टॉर्चची दिशा बदला. उभी रेघ एका दिशेने उमटते, आडवी दुसऱ्या.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) उघड्या पत्र्यावरची चकाकी फारशी मारत नाही, रंगाची मारतो. पण कॅनॉपीचा, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचा, फोटो घेताना तो काढून ठेवा. ताण असलेल्या ॲक्रिलिकमधून इंद्रधनुषी पट्टे उमटतात आणि खऱ्या बारीक तडा त्यात हरवतात. लेन्सचा हूडही काचेला टेकवू नका, मध्ये काळं कापड धरा.

रिव्हेटरेषा:
दुपारी बारा ते तीन खालच्या भागाचं काम करा. पंखांची सावली तेव्हा अंगावर इतकी काळी पडते की बाजूचे फोटो वायाच जातात. चाकांच्या खोबणीत फ्लॅश कॅमेऱ्यापासून हातभर लांब धरा, नाहीतर पुढच्या नळ्या पांढऱ्या होतात आणि मागचं काही दिसत नाही. ड्रोनचा विचारही नको, दाबोळी विमानतळ आणि नौदलाचा हंसा तळ लागूनच आहेत. लेन्सही तिकडे वळवू नका.

समुद्रवारा:
दोघांचेही आभार. आणखी एक: रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसला तर उचलून खालचे थर बघितले तर चालेल का? आणि मापासाठी चुंबकाची पट्टी नेऊ का?

तिरकाउजेड:
पापुद्र्याला हात लावू नका. सुटलेल्या तुकड्याच्या कडेलाच थर पायऱ्यांसारखे दिसतात: वरचा करडा, मधला कुठला तरी जुना रंग आणि तळाशी पिवळट हिरवं अस्तर. ते अस्तर बहुधा झिंक क्रोमेटचं असतं. त्याची धूळ विषारी, खरवडायचं नाही. कडेवरून जवळचा फोटो घ्या, शेजारी रंगपट्टी धरा.

चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि मास्किंग टेप काढताना रंगच सोबत येतो. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी हातात धरा, पत्र्याला न टेकवता, पण त्याच्याच पातळीत. जमलं तर पावसाळ्यानंतर नेमक्या त्याच जागेवरून तेच फोटो पुन्हा घ्या. खाऱ्या हवेत रिव्हेटभोवती (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवती) गंजाची पांढरी भुकटी कुठे वाढली, हे फक्त अशा जोडीतूनच कळतं.